कोंबडीच्या खाद्यातला ओवा



स्मृतिव्याख्यानासाठी निवडलेला हा विषय या व्यासपीठावर काहींना नवा वाटेल. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात ओवा, हळद, लसूण, दालचिनी यांसारख्या वनस्पती किंवा त्यांचे अर्क घातले तर तिच्या तब्येतीला आणि मांसाला काय लाभ होतो, आणि तो लाभ कुठे संपतो, एवढंच मला मांडायचं आहे. विषय पशुआहारशास्त्राचा आहे खरा, पण तो आता महाविद्यालयाच्या वर्गापुरता उरलेला नाही. २०२२-२३ या वर्षात देशात सुमारे ९८ लाख टन मांस तयार झालं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक कोंबडीचं होतं. मांस खाणाऱ्या भारतीयांचं मुख्य मांस आज कोंबडी आहे.

आपण जमलो आहोत त्या दिल्लीच्या पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, आणि त्यांच्या भोवती पसरलेली हॉटेलं आहेत. नवी दिल्ली स्थानकावर उतरलेला प्रवासी पहिलं जेवण बहुधा इथेच घेतो. थोडं पुढे दर्यागंज. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या मोती महलनं तंदुरी कोंबडीची चव तिथूनच देशाला लावली. या सगळ्या स्वयंपाकघरांना लागणाऱ्या कोंबड्या प्रामुख्यानं गाझीपूरच्या मंडीतून येतात आणि मंडीत त्या हरियाणासारख्या शेजारच्या राज्यांतल्या शेडमधून येतात. आपल्या ताटातल्या तंगडीनं शेडमध्ये काय खाल्लं होतं, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. हॉटेलवाल्यालाही नसतं. पुष्कळदा ती वाढवणाऱ्या शेतकऱ्यालाही नसतं, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

दिल्लीत हा प्रश्न २०१४ साली जाहीरपणे विचारला गेला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्ली आणि परिसरातून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने घेतले. ३६ दिल्लीतले, बाकीचे नोएडा, गुरगाव, फरिदाबाद आणि गाझियाबादचे. सहा प्रतिजैविकांसाठी ते तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत अंश सापडले आणि १७ टक्के नमुन्यांत एकाहून अधिक प्रतिजैविकं होती. ऑक्सिटेट्रासायक्लिन, क्लोरटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि निओमायसिन ही ती सहा नावं. यातली काही आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातही असतात.

वर्तमानपत्रांनी अंशांवर भर दिला, ते स्वाभाविकच होतं. पण अंश हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग मांसात मोजला जात नाही, तो शेडमध्येच घडतो. थोड्या थोड्या मात्रेत रोज औषध मिळालं की कोंबडीच्या आतड्यातले जे जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत तेच तगतात, वाढतात, आणि विष्ठेतून, पाण्यातून, हाताळणाऱ्या माणसांच्या हातांतून बाहेर पडतात. रमणन लक्ष्मीनारायण आणि सहकाऱ्यांनी पंजाबातल्या १८ कोंबडीफार्मांची पाहणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेफलोस्पोरिनसारख्या औषधांना निष्प्रभ करणारी विकरं तयार करणाऱ्या जंतूंचं प्रमाण अंड्यांच्या कोंबड्यांत ४२ टक्के आणि ब्रॉयलरमध्ये ८७ टक्के निघालं. ब्रॉयलर जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. एवढ्या छोट्या आयुष्यात हे घडतं.

प्रतिजैविकं खाद्यात आली कशी, ती कथा समजून घेतल्याशिवाय वनस्पतींची बाजू नीट कळत नाही. तिचा एक धागा आपल्या देशाशीही जोडलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली प्रयोगशाळेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन विभागाचे प्रमुख असताना बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळवलं. ते १९४८ साली जगासमोर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात ब-१२ असतं म्हणून तो त्यांनी पिल्लांना चारला. १९४८ च्या अखेरीस वजनं केली, तेव्हा चोथा खाणारी पिल्लं ब-१२ मुळे वाढावीत त्याहून जास्त वाढलेली निघाली. चोथ्यात उरलेल्या ऑरिओमायसिनच्या अंशाचा तो परिणाम होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत ही बातमी शेतापर्यंत पोहोचली आणि औषधाचं उत्पादन टनांत मोजायची वेळ आली.

इशारेही लवकरच आले. ब्रिटनमध्ये स्वान समितीनं १९६९ साली सांगितलं, की माणसांसाठी लागणारी प्रतिजैविकं वाढीसाठी जनावरांना चारू नयेत. स्वीडननं १९८६ साली अशा वापरावर बंदी घातली. संपूर्ण युरोपीय संघाला तिथवर यायला १ जानेवारी २००६ उजाडला. आपल्याकडे कोलिस्टिनचं प्रकरण यातलं सर्वांत गंभीर. इतर सारी औषधं हरली की अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी डॉक्टर हे हत्यार काढतात. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, आणि तो गुण डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळला. भारत सरकारनं २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी केली. या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो. तो आणखी आधी व्हायला हवा होता, हेही तितक्याच मनापासून सांगतो.

बंदीनंतर काय होतं? डेन्मार्कचा अनुभव सर्वांत काळजीपूर्वक नोंदलेला आहे. तिथल्या कोंबडीपालकांनी १९९८ च्या सुरुवातीला वाढीसाठीची प्रतिजैविकं स्वतःहून थांबवली. एक किलो वजनवाढीसाठी लागणारं खाद्य सुमारे १६ ग्रॅमनं वाढलं. चौरस मीटरमागचं उत्पादन घटलं नाही, मर वाढली नाही. मात्र रक्ती हगवणीविरुद्धची औषधं तिथे चालूच होती आणि शेड बंदिस्त, कोरडी, नियंत्रित तापमानाची होती, हे विसरून चालणार नाही. मला आज सांगायची मुख्य गोष्ट या अनुभवातच आहे. खाद्यातल्या प्रतिजैविकांकडून आपण दोन कामं करून घेत होतो. एक, आतड्यातली सततची बारीक दाहाची आग कमी ठेवून वाढीला मदत. दुसरं, शेडमधल्या तुसाच्या ओल्या गादीचं, दाटीचं, बुरशीच्या मक्याचं पाप झाकणं. वनस्पती पहिल्या कामात खरोखर हातभार लावतात. दुसरं काम त्यांच्याच्यानं होत नाही, आणि व्हायलाही नको.

महाराष्ट्रातला व्यवसाय कसा चालतो, ते इथे थोडक्यात सांगतो. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे देशाच्या कोंबडीव्यवसायाचं मोठं केंद्र झालं. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. ब्रॉयलरमध्ये आज प्रामुख्यानं करार पद्धत आहे. कंपनी एक दिवसाचं पिल्लू देते, खाद्य देते, लस आणि औषध देते, सुपरवायझर पाठवते. शेतकरी शेड, वीज, पाणी, तूस आणि स्वतःची मेहनत घालतो. बॅच उचलली की वजनावर, मर किती झाली यावर आणि खाद्याच्या हिशेबावर त्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो. चाळीस ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन-सव्वादोन किलोचं होतं. उत्पादन खर्चाचा दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग खाद्याचा असतो, म्हणून त्या हिशेबात दशांशाच्या पुढच्या आकड्यालाही किंमत असते. पोत्यात काय मिसळायचं हे कंपनीच्या फीड मिलमध्ये ठरतं. तेव्हा वनस्पतीजन्य पूरकांची चर्चा करताना सगळा उपदेश शेतकऱ्याला करण्यात अर्थ नाही. पोतं उघडणाऱ्याच्या हातात निवड नसते.

आता वनस्पतींकडे वळू, आणि ओव्यापासून सुरुवात करू. पोटात दुखलं की आजी ओवा चावायला देते. ओव्याच्या तेलात साधारण ३५ ते ६० टक्के थायमॉल असतं. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जायचं. जंतुनाशक म्हणून आणि अंकुशकृमींवर औषध म्हणून त्याला मोठी मागणी होती. युरोपात ओरेगॅनो आणि थाइम या झुडपांत हेच थायमॉल आणि त्याचं जुळं भावंड कार्व्हाक्रॉल सापडतं. आज जगभर खाद्यात विकल्या जाणाऱ्या वनस्पतीजन्य पूरकांत या दोघांचा वाटा मोठा आहे. तिसरा महत्त्वाचा रेणू दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, चौथा लसणातला अ‍ॅलिसिन. म्हणजे या क्षेत्रातल्या मुख्य रेणूंशी आपल्या फोडणीच्या डब्याची ओळख जुनीच आहे.

हे रेणू काम कसं करतात? थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जंतूच्या बाहेरच्या पडद्यात शिरतात, तो सैल होतो, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि जंतू दुबळा पडतो. काचेच्या बशीत हे स्वच्छ दिसतं. कोंबडीच्या आतड्यात मात्र त्यांची मात्रा बशीतल्या मात्रेहून फार कमी असते, त्यामुळे केवळ जंतू मारून वाढ होते असं म्हणणं मला पटत नाही. इथे थिओडोर निवोल्ड यांनी २००७ साली मांडलेली कल्पना फार उपयोगी पडते. वाढीसाठी दिलेली प्रतिजैविकंसुद्धा जंतू मारण्याइतक्या मात्रेत नसतात, असं त्यांनी लक्षात आणून दिलं. ती कदाचित आतड्यातल्या संरक्षक पेशींना शांत ठेवतात, दाह कमी होतो, आणि दाहावर खर्च होणारं अन्न स्नायूंकडे वळतं. ही कल्पना बरोबर असेल तर हळद, ओवा, दालचिनी यांना मोठा वाव आहे, कारण दाह कमी करण्याचा गुण त्यांच्या कितीतरी रेणूंत आहे. शिवाय पाचकरस वाढणं, आतड्यातल्या बारीक अंकुरांची उंची वाढणं, आतड्याच्या अस्तरातले पेशींचे सांधे घट्ट राहणं, हे परिणामही अनेक प्रयोगांत नोंदले गेले आहेत.

पण प्रयोगांचे निकाल एकसारखे येत नाहीत. थेस्सालोनिकीच्या बोत्सोग्लू आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ब्रॉयलरना किलो खाद्यामागे ५० आणि १०० मिलिग्रॅम ओरेगॅनो तेल दिलं. वाढीत काहीच फरक पडला नाही. मात्र मांसातली चरबी खवट होण्याची क्रिया मंदावली, १०० मिलिग्रॅमला जास्त. तिसऱ्या गटाला ई जीवनसत्त्वाचे २०० मिलिग्रॅम दिले होते आणि तो गट ओरेगॅनोलाही सरस ठरला. पाठोपाठ उट्रेख्टच्या संशोधकांना दिसलं, की किलोमागे २०० मिलिग्रॅम कार्व्हाक्रॉल दिल्यावर माद्यांनी खाद्य कमी खाल्लं आणि वजनही कमी भरलं, जरी खाल्लेल्या खाद्याचं वजनात रूपांतर सुधारलं. थायमॉलनं तसं केलं नाही. नैसर्गिक आहे म्हणून कितीही घाला, ही समजूत या एका निकालानं दूर व्हावी.

वाढीत फरक न पडण्याचं कारणही विचार करण्याजोगं आहे. संशोधन केंद्रातली शेड धुतलेली असते, पक्षी विरळ असतात, खाद्य ताजं असतं. आतड्यात आग नसेल तर विझवायचं काय? उलट सहा बॅच एकाच तुसावर घेतलेल्या शेडमध्ये तेच पूरक दिसण्याजोगा फरक दाखवू शकतं. म्हणून स्वच्छ शेडमधल्या प्रयोगावरून पूरक निरुपयोगी ठरवणं चूक, आणि घाणेरड्या शेडमधल्या फरकावरून ते चमत्कारी ठरवणंही तितकंच चूक.

मात्रेचा हिशेब पाहा. एक ब्रॉयलर विक्रीला येईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खाते. किलोला १०० मिलिग्रॅम तेल धरलं तर तिच्या सगळ्या आयुष्यात तिच्या पोटात ग्रॅमचा एक-तृतीयांश भाग तेल जातं. एवढ्याशा तेलावर परिणाम अवलंबून असेल तर ते तेल खाद्यात खरोखर असायला हवं. फीड मिलमध्ये पेलेट बनवताना वाफेनं खाद्य ८० अंशांच्या पुढे तापतं. उडून जाणारं तेल अशा वेळी किती उरतं? जे उरतं ते आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, आणि त्रासदायक जंतूंची वस्ती तर खाली, अंधांत्रात असते. म्हणून चांगले उत्पादक तेलाच्या कणाला चरबीचं आवरण देतात. त्यानं किंमत वाढते, पण कामही होतं. नुसता ओवा दळून पोत्यात टाकण्यात आणि मोजलेलं, आवरण घातलेलं थायमॉल देण्यात फार अंतर आहे. बाजारात दोन्ही एकाच नावाच्या पाटीखाली मिळतात, याची मला काळजी वाटते.

हळदीचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात आपल्या हवामानाची अडचण आणि आपल्या शेतातलं पीक एकत्र येतं. मका पावसात भिजला, नीट न वाळवता गोदामात गेला की त्यावर बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगानं मेले. शोध घेतल्यावर कारण निघालं खाद्यातली शेंगदाण्याची पेंड आणि तिच्यावरची बुरशी. तिथून या विषाचा अभ्यास सुरू झाला. ब्रॉयलरचं यकृत या विषानं पिवळं, ठिसूळ होतं, वाढ खुंटते, लस नीट लागू पडत नाही. एन. के. एस. गौडा यांनी मिसुरी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्लांना अफ्लाटॉक्सिनयुक्त खाद्य दिलं, काही गटांत अर्धा टक्का हळदपूड मिसळली, काहींत विष धरून ठेवणारी माती, काहींत दोन्ही. विषाचे दुष्परिणाम हळदीनं कमी केले, आणि माती व हळद यांची जोडी उपयोगी ठरली. मातीनं विष आतड्यात अडवलं, अडवूनही जे यकृताकडे गेलं त्याच्याशी लढायला हळद. अशी कामाची वाटणी करणारा उपाय मला पटतो.

या प्रयोगातला एक आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. त्या हळदीतून किलो खाद्यामागे ७४ मिलिग्रॅम कुरकुमिन मिळालं. म्हणजे त्या पुडीत कुरकुमिन दीड टक्काच होतं. आपल्याकडे तीन ते पाच टक्के कुरकुमिनची हळद सर्रास असते आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत ते सहा टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. मग ‘अर्धा टक्का हळद घाला’ या शिफारशीचा अर्थ काय उरतो? एकाच शिफारशीतून एका शेडला दुसऱ्याच्या चौपट मात्रा जाईल. वनस्पतीचं नाव सांगून भागत नाही. त्यातला कार्यकारी घटक किती, हे पोत्यावर छापलेलं असलं पाहिजे आणि ते तपासणारी प्रयोगशाळा असली पाहिजे. हळदीच्या बाबतीत तपासणीला आणखी एक कारण आहे. रंग उजळ दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार बांगलादेशात आणि आपल्या देशातही उघड झाले आहेत. तशी हळद कोंबडीला चारली तर आरोग्यासाठी घातलेली वस्तू शिसं घेऊन येईल. सांगली, हिंगोली, नांदेड या हळदीच्या जिल्ह्यांनी चाचणी केलेली, कुरकुमिनचा आकडा लिहिलेली खाद्य-दर्जाची हळद दिली तर तिला बाजार मिळू शकतो.

हळदीचं आणखी एक अंग आहे. कुरकुमिन शरीरात फार कमी शोषलं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की मिरीतलं पिपरिन सोबत दिल्यावर माणसांत कुरकुमिनची उपलब्धता वीसपट झाली. कोंबडीच्या खाद्यात मात्र हे सूत्र आंधळेपणानं उचलू नये. आतड्यातच काम करायचं असेल तर रेणू शोषला न जाणं सोयीचंच असतं.

बाकीच्या वनस्पतींविषयी झरझर सांगतो. लाल मिरचीचा तिखटपणा कोंबडीला लागत नाही. २००२ साली स्वेन-एरिक यॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी कोंबडीच्या शरीरातला तिखट ओळखणारा ग्राहक-रेणू मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसादच देत नाही हे रेणूंच्या पातळीवर दाखवलं; ज्युलियस यांना पुढे, २०२१ साली, नोबेल मिळालं. त्यामुळे मिरची खाद्यात चालते. वाळवंटी युका या झुडपातल्या सॅपोनिननं गादीतला अमोनिया कमी होतो, असं अनेक प्रयोगांत आढळलं आहे. झेंडूच्या पाकळ्यांतलं ल्युटीन चामडीला पिवळेपणा देतं, पण कातडीसकट विकल्या न जाणाऱ्या कोंबडीला त्याचा उपयोग नाही. मे महिन्यात विदर्भात आणि इथे दिल्लीत पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा घाम न येणारी कोंबडी मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. क जीवनसत्त्व तिचं शरीर स्वतः तयार करतं, मात्र अशा ताणात ते अपुरं पडतं, म्हणून त्या दिवसांत आवळा द्यायला माझी पूर्ण संमती आहे. पंखे, फॉगर आणि थंड पाणी आधी, आवळा नंतर, हा क्रम तेवढा सोडू नये.

मांसाच्या दर्जाबद्दल दिल्लीकरांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. परदेशी प्रयोगांत वनस्पतींचा सर्वांत भरवशाचा लाभ मांसाच्या टिकाऊपणात दिसतो. तंगडीच्या मांसात असंतृप्त चरबी जास्त, म्हणून ते छातीच्या मांसाआधी खवट होतं. रोजमेरी, ओरेगॅनो, द्राक्षाचा चोथा खाल्लेल्या पक्ष्याचं मांस शीतपेटीत आठवडाभर ठेवलं तरी कमी खवट होतं. पण आपल्याकडे बहुतेक पक्षी गिऱ्हाइकासमोर कापला जातो आणि तास-दोन तासांत कढईत पडतो. तिथे हा लाभ कुणाला जाणवणार? तो दिसेल तो पॅकबंद थंड मांसात, शहरात वाढत चाललेल्या घरपोच विक्रीत, आणि आदल्या दिवशी मसाला लावून ठेवणाऱ्या हॉटेलात. म्हणून पूरकांचा खर्च कुणी उचलावा, हे विचारलं तर मी पॅकबंद मांस विकणाऱ्या कंपन्यांकडे बोट दाखवीन. लाभ त्यांच्या शीतपेटीत आहे.

मर्यादा मी आडपडदा न ठेवता सांगतो. रक्ती हगवण करणारा आयमेरिया हा परजीवी आणि आतड्याचं अस्तर सडवणारा क्लॉस्ट्रिडियम यांच्यापुढे वनस्पती आधार देतात, पण साथ सुरू झाल्यावर त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. आजारी कोंबडीला पशुवैद्याच्या सल्ल्यानं, पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस प्रतिजैविक द्यावं, आणि औषध शरीरातून जाईपर्यंत पक्षी विकू नये. प्रतिजैविक वाईट नाही, त्याची रोजची चिमूट वाईट. मानमोडी आणि गंबोरो या रोगांना लसच लागते. लसणानं ते थांबत नाहीत. आणि एखाद्या बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलं की ती तपासायची गरज संपते, ही समजूत आयुर्वेदावर अन्याय करते. त्या शास्त्रात द्रव्याची ओळख, गोळा करण्याचा ऋतू आणि मात्रा यांची काटेकोर चर्चा आहे. नाव त्याचं घ्यायचं आणि काटेकोरपणा सोडून द्यायचा, हे मला सहन होत नाही. युरोपात यातले बहुतेक पदार्थ कायद्याच्या दफ्तरी चव आणि वास देणारे घटक म्हणून नोंदले जातात. रोग बरा करतो असा दावा करायचा तर वेगळी, कठीण परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडेही दावा आणि परीक्षा यांची अशी गाठ घालायला हवी.

शेवटी महाराष्ट्राच्या हातात काय आहे, ते सांगतो. नाशिकच्या वाइन कारखान्यांतून दरवर्षी द्राक्षाच्या साली-बियांचा चोथा निघतो. स्पेनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की असा चोथा ब्रॉयलरना दिल्यावर मांसाची खवट होण्याला तोंड देण्याची ताकद वाढते. सोलापूर डाळिंबाचं माहेर, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तिथेच. रस काढणाऱ्यांकडे उरणारी साल टॅनिननं भरलेली असते. टॅनिन जास्त झालं तर प्रथिनांचं पचन बिघडतं, म्हणून मात्रा प्रयोगानंच ठरवावी लागेल. हा कच्चा माल इथलाच, स्वस्त, आणि आज बराचसा वाया जाणारा आहे.

प्रयोग मात्र खऱ्या शेडमध्ये व्हायला हवेत. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरला आहेत; केंद्रीय पक्षी संशोधन संस्था दिल्लीहून फार लांब नाही, बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. या संस्थांनी करार पद्धतीतल्या चालू शेडमध्ये, जुन्या तुसावर, मे महिन्यात एक आणि पावसाळ्यात एक, अशा बॅच घ्याव्यात. एका शेडला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला प्रतिजैविकाशिवायचं, तिसऱ्याला प्रतिजैविकाशिवाय आणि मोजलेल्या वनस्पती घटकासह. वजन, मर, खाद्याचा हिशेब, गादीतला ओलावा, आतड्यातल्या जंतूंची औषधांना दाद देण्याची क्षमता आणि शीतपेटीतल्या मांसाचा खवटपणा, हे सगळं मोजावं. निकाल विरुद्ध गेला तरी छापावा. आणि प्रयोगाच्या काळात शेतकऱ्याचा ग्रोइंग चार्ज तोटा झाला तरी कापला जाणार नाही, हे कंपनीनं सुरुवातीलाच लिहून द्यावं.